अंगठ्याखालची जागा

लोकांचे फोन आवरून देण्यावर एखाद्या बाईचे घर चालेल, असे छापखान्याच्या दिवसांत कुणी मोरेश्वर तांबटांना सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाला आधी खुर्ची दिली असती, मग पाणी दिले असते आणि मग ताप आहे का ते पाहिले असते. पण त्यांचीच थोरली लेक हेमांगी पुण्यात नेमका हाच धंदा करत होती, आणि झकास करत होती. एकेका माणसाच्या फोनात तोवर तीन-तीनशे अॅप साचली होती. दुधाचे एक, दळणाचे एक, सोसायटीचे फाटक उघडायचे एक आणि फाटक उघडले नाही तर तक्रार करायचे आणखी एक. फोन उघडला की माळ्याचे दार उघडल्यासारखे सगळे अंगावर यायचे. लोक दिवसभर त्यात हरवायचे आणि संध्याकाळी आपण काहीच केले नाही म्हणून हळहळायचे. मग कुणीतरी हेमांगीचे नाव सुचवायचे.

तिच्या कार्यशाळेतला एक खेळ फार गाजलेला होता. ती समोरच्या एकाचा फोन मागून घ्यायची, पहिल्या पडद्यावरच्या दोन अॅपच्या जागांची गुपचूप अदलाबदल करायची आणि फोन परत देऊन म्हणायची, "आता बायकोला निरोप पाठवा बघू." तो गृहस्थ तोऱ्यात अंगठा चालवायचा आणि क्रिकेटचा धावफलक उघडायचा. सभागृह हसायचे. हसू ओसरले की हेमांगी म्हणायची, "अंगठा चित्र बघत नाही, जागा बघतो. म्हणून जे कमी करायचंय ते अंगठ्यापासून लांब न्या. मनाचा निग्रह वगैरे काही लागत नाही. अंतर पुरतं."

हे वाक्य तिला तिच्या वडिलांमुळे सुचले होते. मोरेश्वर तांबट मिरजेच्या एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. समोर उतरत्या लाकडी पेटीत अक्षरांचे शेकडो खण. डोळे हस्तलिखितावर आणि हात आपला खणांतून भरधाव. लहानपणी हेमांगी त्यांच्या बाजूला स्टुलावर बसून बघत राहायची. बाबा कधीही पेटीकडे बघायचे नाहीत. नव्या पोराने वापरलेला खिळा भलत्या खणात टाकला की मात्र त्यांचा पारा चढायचा. "खिळा चुकला ते आज दिसत नाही," ते म्हणायचे, "पुढच्या पानावर दिसतं, आणि तोवर शाई लागलेली असते."

त्याच बाबांना ऐंशी ओलांडल्यावर विसर पडू लागला. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची नावे. आई गेली आहे हे ते दर आठवड्याला नव्याने ऐकायचे आणि नव्याने रडायचे. तेव्हा मिरजेच्या डॉक्टर नफिसा मुजावर यांनी 'स्थिरपट' सुचवला.

डॉक्टरीणबाईंनी तो समजावला होता अगदी साध्या शब्दांत. माणसाच्या आठवणी एकाच ठिकाणी राहत नाहीत. नावे, चेहरे, काल काय जेवलो, हे सगळे मेंदूच्या एका भागात. आणि सायकल चालवणे, पोळी लाटणे, कुलपात किल्ली फिरवणे हे हाताचे शहाणपण दुसऱ्याच, खोलवरच्या भागात. हा आजार पहिल्या भागाला आधी खातो. दुसरा बराच काळ शाबूत राहतो. म्हणजे ज्याला मुलीचे नाव आठवत नाही त्याचा हात बटण मात्र अचूक लावतो. स्थिरपटाची सगळी कल्पना इतकीच होती की, पहिल्या घरातली माणसे उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवायची.

त्यासाठी फोनचा पहिला पडदा हे एकच दालन उरायचे. दुसरे पान नाही, काही सरकत नाही. मोठमोठे आठ खण. एकात हेमा, म्हणजे हेमांगी, एकात धाकटा मुलगा सारंग, एकात सारंगची बायको केतकी, एकात घर सांभाळणाऱ्या मालनबाई, बाकीच्यांत डॉक्टर, औषध, रेडिओ आणि वाट चुकली तर 'घरी ने'. अंगठ्याने खण दाबला की तो माणूस बोलू लागायचा. आणि त्याच क्षणी कानावर चिकटवलेली एक टिकली आपले काम करायची. मेंदूतून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतातंतूची एक शाखा कानापर्यंत येते. तिथे मुंगी चावल्याइतकासुद्धा न जाणवणारा विजेचा स्पर्श झाला की मेंदूत अशी रसायने सुटतात जी म्हणतात, हे महत्त्वाचे आहे, हे ठेव. जागा, आवाज आणि माया, तिन्हींची एकत्र गाठ. रोज दाबायचे, रोज आवळायची.

"दोनच पथ्यं," डॉक्टर मुजावर म्हणाल्या होत्या. "तुम्ही त्यांना फोन करायचा नाही, त्यांनाच करू द्यायचा. आणि एकदा मांडलेला खण हलवायचा नाही."

"ते मला सांगायला नको," हेमांगी हसून म्हणाली होती. "माझा धंदाच तो आहे."

खण तिनेच मांडले. उजव्या हाताचा अंगठा जिथे आपसूक टेकतो ती खालची जागा तिने स्वतःला घेतली. केतकीचा खण गेला वरच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात लांब. तो ठेवायचा तरी का, असेही घरात कुणाच्या तरी मनात आलेच असेल. केतकी घटस्फोटित. सारंगने तिच्याशी लग्न केले तेव्हा बाबा लग्नाला गेले नाहीत. पुढच्या सात वर्षांत त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला असेल, पण तिला नावाने हाक कधी मारली नाही. सारंग बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात. केतकी कोल्हापुरात घरून एका विमा कंपनीचे काम बघायची आणि मिरजेचा उंबरा सहसा ओलांडायची नाही.

स्थिरपट लागू पडला. इतका की दोन महिन्यांत बाबा स्वतःहून म्हणू लागले, "हेमे, जेवलीस का?" हेमांगीला तो आवाज ऐकून पहिल्या दिवशी रडू आले होते.

मग मात्र 'जेवलीस का' थांबेना. बाबा फोन ठेवायचे, विसरायचे आणि पुन्हा अंगठा टेकवायचे. न्याहारीच्या वेळी जेवलीस का, कार्यशाळेच्या मध्यावर जेवलीस का, गाडी चालवताना जेवलीस का. न उचलावा तर ते घाबरे होऊन पुन्हा करत आणि उचलावा तर समाधानाने ठेवून पुन्हा करत. हेमांगीने सुरुवातीला प्रत्येक फोन मायेने घेतला, मग हसून घेतला, मग दात आवळून घेतला. एकदा तर ती ओरडलीच, "बाबा, आत्ताच सांगितलं ना!" मग ते हळूच म्हणाले, "हो का? चुकलं गं."

त्यानंतर नागपूरची मोठी कार्यशाळा आली. चार दिवसांची, एका मोठ्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत. आयुष्यात एकदा येते तशी संधी. हेमांगीने केतकीला फोन केला.

"फक्त चार दिवस, केतकी. माझ्या जागी तुला टाकते, तुझ्या जागी मी जाते. ते तुझ्या खणाला कधी हात लावत नाहीत, त्यामुळे मला शांतता. तू घरीच असतेस, उचलशील ना?"

"मला चालेल, ताई. पण त्यांना चालेल का? माझा आवाज ऐकून ते ठेवून देतील."

"ठेवू देत. चारच दिवस."

बाबांच्या फोनचा ताबा हेमांगीच्या फोनवरून घेता येत असे. तिने दोन खणांची अदलाबदल केली. पडद्यावर विचारणा आली, 'हा बदल डॉक्टरांना विचारून करत आहात का?' तिने 'हो' दाबले. नागपूरच्या गाडीत ती इतकी गाढ झोपली की वर्धा केव्हा गेले तिला कळले नाही.

चार दिवसांचे आठ झाले. मग परत बदलायचे तिच्या रोज मनात यायचे आणि रोज काहीतरी निघायचे. कधी ग्राहक, कधी सर्दी, कधी नुसताच आळस. खरे सांगायचे तर आळसही नव्हता. शांतता तिला गोड लागली होती. मालनबाईंना विचारले की त्या सांगायच्या, "झकास हायत की! जेवत्यात, गप्पा हानत्यात फोनवर." मग तर काळजीचे काही कारणच नव्हते. मार्गशीर्ष गेला, माघ गेला, होळी झाली. आपण काय केले आहे हे हेमांगीला नीट ठाऊक होते. जी गोष्ट ती सभागृहांतून शिकवत होती तीच तिने घरी केली होती. जे कमी करायचे ते अंगठ्यापासून लांब नेले होते.

पाडव्याला ती मिरजेला गेली. दार मालनबाईंनी उघडले.

"आलासा ताई! लई दिसांनी."

बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते. पांढरा सदरा, नीट भांग, हातात फोन. तिला पाहून ते अदबीने उठले.

"या, या. बसा. उन्हातून आलात."

हेमांगी हसली. बाबा पूर्वीपासून थट्टेखोर. "काय हो बाबा, मी हेमा!"

ते तिच्याकडे प्रेमळपणे बघत राहिले, परक्या माणसाच्या गुणी मुलीकडे बघावे तसे. "हो का? आमच्या मुलीचंही नाव हेमाच. पुण्यात असते."

मग पाहुणीला ताटकळत ठेवू नये म्हणून त्यांनी घाईने, न बघता, अंगठा टेकवला.

"बोला बाबा," फोनमधून केतकीचा आवाज आला.

"हेमे, एक बाई आल्यात आपल्याकडं. पुण्याच्याच आहेत म्हणे. चांगल्या घरच्या दिसतात. चहा सांगू का सरबत?"

हेमांगी उभीच होती, पायातल्या चपलांसकट. एवढे दोघींनाही कळले होते की दुसरी ऐकते आहे.

"चहा सांगा, बाबा," केतकी शेवटी म्हणाली. "आणि सण आहे. त्यांना जेवल्याशिवाय सोडू नका."

बाबांचा चेहरा उजळला. "बघा, आमची हेमा अशी आहे," ते हेमांगीला म्हणाले.

आपल्याच घरात ती पाहुणी म्हणून पाटावर बसली. बाबांनी आग्रह करकरून तिच्या ताटात श्रीखंड वाढायला लावले, आणि तिने ते संपवले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मुजावर यांच्यासमोर बसून तिने सगळे सांगितले. डॉक्टर रागावतील असे तिला वाटले होते. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

"यंत्राला हेमा कोण, केतकी कोण, काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "अंगठा टेकला, आवाज आला की ते गाठ आवळतं. आणि आठवण म्हणजे कपाटातली साडी नव्हे, काढली आणि होती त्याच घडीवर परत ठेवली. प्रत्येक वेळी आठवण वर आली की ती थोडा वेळ कच्ची होते, ओल्या मातीसारखी. तेव्हा जे मिळेल ते तिला चिकटतं आणि मग ती पुन्हा वाळते. तुमचे वडील दिवसातून कितीतरी वेळा हेमाला आठवायचे, ती कच्ची व्हायची, आणि ऐकू यायचा केतकीचा आवाज. हेमा आहे तशीच आहे त्यांच्या मनात. फक्त तिच्यात तुम्ही नाही."

"पण चेहरा? मला समोर बघूनसुद्धा..."

"चेहरा आजारानं कधीच नेला होता. तुमचा आवाज तेवढा आपण खिळा ठोकून ठेवला होता."

"परत बसवता येईल?"

"कदाचित. कित्येक महिने लागतील. पण तोवर ते रोज हेमाला फोन लावतील आणि रोज परकी बाई उचलेल. त्यांच्याकडे किती वेळ आहे, हे मला सांगता येत नाही. आहे तो कशात घालवायचा, ते तुम्ही ठरवा."

घरी परतताना हेमांगीने वाटेतच केतकीला फोनवर गाठले. अपराधी माणसाला ओरडायला कुणीतरी लागतेच.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं ना मी," केतकी म्हणाली. "बाबा, मी केतकी. त्यांनी फोन ठेवला. परत लावला. परत सांगितलं, परत ठेवला. मग ते रडकुंडीला आले हो ताई. हेमेला द्या, हेमेला द्या. म्हटलं, हो बाबा, हेमाच."

"मग मला तरी फोन करायचास!"

"केला होता. तुम्ही म्हणालात, कामात आहे, नंतर बोलू."

हेमांगीला ते आठवले. नागपूरच्या सभागृहाबाहेरचा कॉफीचा कप आठवला आणि आपला घाईचा आवाजही आठवला.

"आणि खरं सांगू?" केतकी थांबून म्हणाली. "नंतर मलाच सांगावंसं वाटेना. जेवलीस का, थंडी आहे का, डोकं दुखतंय तर झोप जरा. माझ्याशी असं कुणी बोललंच नव्हतं. माझे वडील लवकर गेले. ह्यांनी सात वर्षांत मला नावानं हाक मारली नाही. अजूनही मारत नाहीतच म्हणा. पण तुमच्या नावानं का होईना, बोलतात. मीही लबाडच, ताई. मला शिव्या द्या."

शिव्या द्यायला हेमांगीकडे तोंड कुठे होते? पण बाप सोडून द्यायचीही तिची तयारी नव्हती. महिने लागले तर लागू देत, ती मनाशी म्हणाली. माझे बाबा आहेत. केतकीला तिने तसे सांगितले आणि केतकी फक्त "बरं" म्हणाली.

दुपारी बाबांची वामकुक्षी झाल्यावर हेमांगीने स्वयंपाकघरात बसून खण पुन्हा पूर्ववत केले आणि फोन हातात धरून वाट पाहिली. बाहेरच्या खोलीत अंगठा टेकला. तिच्या हातातला फोन थरथरला.

"बोला बाबा."

"कोण?"

"हेमा, बाबा. तुमची हेमा."

"नंबर चुकला वाटतं. माफ करा हं."

लगेच पुन्हा फोन. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ते थेट तिलाच विचारू लागले.

"तुम्ही तिच्या घरात काय करताय? ती कुठाय? तिला काही झालं का? मला सांगा, मी बाप आहे तिचा."

हेमांगी म्हणत राहिली, "बाबा, मीच, मीच हो," आणि जितके म्हणावे तितके पलीकडे ते अधिक भेदरत गेले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती धावत गेली तर बाबा अनवाणीच दाराशी पोहोचले होते, आणि मालनबाई त्यांचा दंड धरून विनवत होत्या, "कुठं निगालासा आबा? उन्हाचं कुठं?"

"पुण्याला. एस्टी असंल." त्यांनी हेमांगीला पाहिले आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. ते हात तिला ओळखू आले. बोटांची टोके अजून तशीच राठ होती. "बाई, तुम्ही पुण्याच्या ना? माझ्या हेमाचा फोन दुसरंच कुणीतरी उचलतंय. बघा की जरा. पाया पडतो तुमच्या."

असा क्षण शत्रूवर येऊ नये. बाप लेकीला विनवत होता की माझी लेक शोधून द्या, आणि लेक समोर उभी असून काही कामाची नव्हती. त्यांना त्या दिवशी जी मुलगी हवी होती ती देणे मात्र तिच्या हातात होते.

"बघते हं," ती म्हणाली. तिने त्यांच्यासमोरच आपल्या फोनवर दोन्ही खण पुन्हा बदलून टाकले. "आता लावा."

"बोला बाबा," केतकी म्हणाली.

"हेमे!" ते रडायलाच लागले. "कुठं होतीस गं? जेवलीस का?"

बोलून झाल्यावर त्यांनी फोन छातीशी धरला आणि हेमांगीला हात जोडले. "उपकार झाले, बाई." ती संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघून गेली.

त्यानंतर तिने तो अदलाबदलीचा खेळ कार्यशाळेतून काढून टाकला. लोकांनी विचारले, तर म्हणायची, जुना झाला. केतकी दर एक-दोन दिवसांनी तिला सगळे सांगायची. आज बाबा खूष होते, आज खोकला होता. अधूनमधून अडचण यायची. "ताई, ते विचारतात, पन्हाळ्याच्या सहलीत तू का रडली होतीस? काय सांगू?" मग हेमांगी सांगायची, चप्पल दरीत पडली म्हणून, आणि बाबांनी मला खांद्यावर घेऊन गड उतरला. केतकी ते नीट ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ती आठवण तिची झालेली असायची. अशा किती दिल्या, हेमांगीने हिशेब ठेवला नाही. द्यायची ती सगळी देऊन टाकायची असे तिने ठरवले होते, पण प्रत्येक देणे जड जायचेच. हे आपल्या कर्माचे फळ आहे, असे ती स्वतःला सांगे. त्याने ते हलके होत नसे.

वैशाखात एका महाविद्यालयात तिची कार्यशाळा चालू होती. बोलता बोलता टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा'.

तिला आधी वाटले, काहीतरी बिघडले. बाबांच्या फोनवर ती वरच्या डाव्या कोपऱ्यात होती, केतकीच्या खणात. त्या खणाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. "एक मिनिट," ती समोरच्यांना म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात आली.

"हॅलो?"

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"केतकी का?"

हेमांगीने फोन कानाशी घट्ट धरला.

"मी सारंगचे बाबा. पुष्कळ दिवस मनात होतं. हेमेला विचारलं मी, केतकीला माझा राग आला असंल का गं? ती म्हणाली, बाबा, मला काय विचारता, तिलाच विचारा. वरच्या कोपऱ्यात आहे म्हणाली. अंगठा काही पोचेना. मग दोन्ही हातांनी धरला फोन."

केतकीने त्यांना इथे पाठवले होते. त्या खणात कोण बसले आहे हे माहीत असून पाठवले होते. तिला स्वतःसाठी ते शब्द ऐकता आले असते, सात वर्षे ती त्यांचीच वाट बघत होती. तिने ते हेमांगीच्या पदरात टाकले होते, बापाचा आवाज तरी मिळावा म्हणून.

"बाळ," बाबा म्हणाले, "लग्नानंतर तू पाया पडायला वाकलीस आणि मी पाय मागं घेतले. सगळं विसरतो बघ मी. ते विसरत नाही. तेवढंच नेमकं विसरत नाही. तुझं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं."

आणि ते थांबले. उत्तर ऐकायला थांबले. मी हेमा आहे, असे सांगितले तर पुढे काय होते हे हेमांगीने स्वयंपाकघरात बसून ऐकले होते. नंबर चुकला, माफ करा हं. आणि मग हे सगळे त्यांच्या घशातच राहिले असते.

"ऐकतीस न्हवं? केतकी का?"

"हो बाबा," हेमांगी म्हणाली. "केतकीच बोलतेय."

"रागावलीस?"

दुसऱ्याच्या वतीने क्षमा करायचा अधिकार तिला नव्हता. तिने स्वतःला जेवढे खरे वाटले तेवढेच सांगितले. "वाईट वाटलं होतं, बाबा. फार. पण आता तुम्ही फोन केलात ना."

पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला.

"बाबा, माझंही चुकलंय," ती न राहवून म्हणाली. "तुम्ही मला फोन करायचात आणि मला त्याचा कंटाळा यायचा. मी तुम्हाला लांब ठेवलं."

"तुला कुठं केला मी? आजच तर करतोय." ते हसले. "जाऊ दे गं. पोरांचं काय मनावर घ्यायचं असतं? जेवलीस का?"

किती महिन्यांनी हे तिच्या कानावर पडले होते. तिने व्हरांड्याच्या खांबाला टेकून डोळे पुसले. "जेवले, बाबा. तुम्ही?"

"मीही." मग जरा संकोचून ते म्हणाले, "परत केला तर चालेल ना? काय बोललो ते माझ्या ध्यानात राहत नाही. परत तेच बोलीन."

"करा, बाबा. कितीही वेळा करा."

फोन ठेवून तिने तोंडावर पाणी मारले आणि ती सभागृहाच्या दाराशी आली. आत माणसे खोळंबली होती. तिने दार लोटले, तोच हातातला फोन पुन्हा वाजला.

"केतकी का?" बाबा म्हणाले. आधी घसा खाकरला होता, अगदी मघासारखाच. "मी सारंगचे बाबा. पुष्कळ दिवस मनात होतं..."

"हो बाबा, केतकीच. सांगा," हेमांगी म्हणाली आणि दार ओढून घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली.